पहिलं पद हातानं

सोमवार, ५ फेब्रुवारी

सरांनी आजही सही केली नाही.

प्रबंधाची अख्खी प्रत छातीशी धरून दोन बस बदलून सरांच्या घरी गेले. म्हटलं, आज सही घेतल्याशिवाय उठायचंच नाही. सरांनी चौथं प्रकरण उघडलं, चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "पहिलं पद हातानं मांडलंस का?"

मी म्हटलं, "हो सर."

मांडलं नव्हतं. कोण मांडतं आता हातानं? चौथ्या प्रकरणात एक लांबलचक बेरीज आहे. के हा आकडा शून्यापासून एनपर्यंत न्यायचा, दर वेळी एक पद घ्यायचं आणि मिळवायचं. पूर्वी लोक यात आठवडे घालवायचे. मी सॉफ्टवेअरला बेरजेची कमांड देते. पद कोणतं, सुरुवात कुठून, शेवट कुठे, एवढं सांगितलं की एका ओळीचं सूत्र हातात. या सॉफ्टवेअरला मी 'शहाणा' म्हणते. एवढा हुशार, पण कौतुकाचा एक शब्द तोंडातून काढत नाही.

चहा झाला. काकूंनी सरांच्या हातातला कप सरळ केला. मी म्हटलं, सर, सही. सर म्हणाले, "करू की. पण पहिलं पद हातानं मांडलंस का?"

महिनाअखेर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द. विभागप्रमुखांनी तोंडावर सांगितलंय, पदवी नाही तर पुढच्या वर्षी करारही नाही. हे सरांना माहीत आहे. तरी असं करतात.

घरी आल्याआल्या शहाण्याला सांगितलं, पहिल्या पदात शून्य घाल. म्हणाला, एक. झालं की! माझ्याच हातानं टाईप केलं ना.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

चार दिवस दुसरं काही केलं नाही. बेरीज शून्यापासून घेतली. मग एकपासून घेऊन पहिलं पद वेगळं मिळवलं. शंभर पदं घेतली, हजार घेतली. सगळीकडे सूत्र जुळतं. सगळ्यात लहान उत्तर एक, ते पहिल्यांदा एन चार असताना येतं. एकाच्या खाली कधीच जात नाही, म्हणजे शून्य कधीच होत नाही. हेच माझं प्रमेय. पाचवं प्रकरण सगळं या बेरजेनं भागण्यावर उभं आहे. ती शून्य होत नाही म्हणून भागता येतं. एवढं स्वच्छ आहे, मग या माणसाला खुपतंय काय?

आज मुद्दाम शहाण्यालाही एक अवघड बेरीज दिली. पद थोडं वाकडं केलं. बराच वेळ विचार करून त्यानं काय दिलं? माझीच बेरीज. तेच पद, त्याच मर्यादा, फक्त सुबक अक्षरात. जमलं नाही की हा असंच करतो. 'येत नाही' म्हणणं त्याला कमीपणाचं वाटतं.

नवऱ्याला सांगितलं. तो त्याच्या बेकरीतून येऊन हातपाय धूत होता. म्हणाला, "मग तुझे सर आणि तुझा शहाणा यांच्यात फरक काय? दोघंही विचारलेलंच परत देतात."

मला हसू आलं नाही. तो म्हणाला, "अगं, हस की जरा. तोंड बघ कसं झालंय."

कसं होईल? गेली काही वर्षं मी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वह्या तपासून, उरलेल्या वेळात हे एकच काम केलंय.

रविवार, ११ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते.

न कळवता गेले. सर खिडकीपाशी बसले होते, या उन्हात जाड स्वेटर घालून, वरपर्यंत बटणं लावून. मला बघून खूप आनंदले. "ये ये. आई कशी आहे?"

आई गेली त्या दिवशी सर स्वतः आले होते. पार शेवटपर्यंत थांबले होते, माझ्या पाठीवर हात ठेवून. आणि आता विचारतात, आई कशी आहे! काकूच घाईघाईनं म्हणाल्या, "बरी आहे, बरी आहे." मला काकूंचाही राग आला. मग वाटलं, सरांचं काहीतरी सुचवणं असेल. जे संपलंय त्याला धरून बसू नकोस, असं काही. सर पूर्वी असेच आडून बोलायचे. वर्गात कुणाचं चुकलं की फळ्याकडे न बघता हवापाण्यावर बोलत राहायचे. ज्याचं चुकलंय त्याला घाम फुटायचा.

काकूंनी घर फार टापटीप ठेवलंय हल्ली. कपाटाच्या प्रत्येक खणावर चिठ्ठी, 'चष्मा', 'रुमाल', 'औषध'. बाथरूमच्या दारावरसुद्धा. मी कौतुक केलं तर त्या नुसत्या हसल्या.

सरांनी प्रत घेतली, पानं उलटली आणि तेच विचारलं. पहिलं पद हातानं मांडलंस का.

माझा तोल गेला. मी ओरडले. "चूक असेल तर सांगा ना सर! कुठे आहे ती सांगा! दर वेळी हे काय एकच? मी काय शाळेतली पोर आहे? माझी नोकरी जातेय, तुम्हाला कळतंय का?"

सर दचकले. असे दचकले की हातातली पानं खाली पडली. काकूंकडे बघायला लागले, लहान मूल आईकडे बघतं तसं. मग हळू आवाजात म्हणाले, "हिला सांगायचं राहिलंय काहीतरी."

काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या. "रागावू नकोस गं त्यांच्यावर," म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. त्यांचे का भरावेत, ते मला कळलं नाही. रडायला मला हवं होतं.

बुधवार, १४ फेब्रुवारी

विभागप्रमुखांनी बोलावलं. खुर्ची दिली नाही. "मॅडम, सही झाली का?"

"होतेय सर."

"होतेय म्हणजे? माझ्याकडे तुमच्या जागेसाठी दोन अर्ज पडलेत. दोघंही पदवीधारक." मग जरा मऊ आवाजात, "तुमचे सर आधीचे राहिलेले नाहीत म्हणतात लोक. गोड बोलून सही घ्या आणि मोकळ्या व्हा."

आधीचे राहिलेले नाहीत म्हणजे काय ते मला चांगलंच कळलं. निवृत्त झाल्यावर माणसाला महत्त्व हवं असतं. सही म्हणजे तेवढंच त्यांच्या हातात उरलंय, मग अडवून धरायचं. मला असं वाटायला नको, पण वाटतंय. त्यांनीच मला या विषयात ओढलं. मी साधी शाळेत शिकवत होते, सुखात होते. 'तुझ्याकडे डोकं आहे' म्हणाले आणि माझ्या डोक्याचा भुगा करून ठेवला.

तास झाल्यावर जिन्याखाली जाऊन रडले. सफाईवाल्या मावशी बादली घेऊन आल्या, मला बघून परत गेल्या. निदान त्यांना तरी कळलं कधी एकटं सोडायचं.

घरी येऊन पुन्हा शहाण्यापुढे बसले. आता काय तपासायचं तेच सुचत नाही. तीच कमांड दिली. तेच उत्तर आलं. पुन्हा दिली.

शनिवार, १७ फेब्रुवारी

काकू बेकरीत आल्या होत्या. एकट्या. नवऱ्यानं त्यांना आतल्या पिठाच्या पोत्यांजवळच्या स्टुलावर बसवलं आणि मला फोन करून बोलावून घेतलं.

डॉक्टरांनी नाव सांगितलंय त्या आजाराचं. विसरण्याचा आजार. उतरणीलाच लागलेला, परत वर येणारा नाही.

"तुला सांगणार नव्हते," काकू म्हणाल्या. "ते म्हणायचे, तिचा प्रबंध होईपर्यंत तिला काही सांगू नकोस, ती खचेल. तेव्हा त्यांना स्वतःला कळत होतं गं. आता तेही कळत नाही."

सुरुवात कशी झाली तेही सांगितलं. गेल्या थंडीत सर माझं चौथं प्रकरण वाचत बसले होते. एकदम उठले, बूट घातले. "तिला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं," म्हणाले. काकू म्हणाल्या, फोन करा. "फोनवर नाही सांगता येणार, फळा लागेल." आणि निघाले कॉलेजकडे. ज्या रस्त्यानं आयुष्यभर गेले तो रस्ता. दुपार झाली, संध्याकाळ झाली. शेवटी कुणा अनोळखी माणसानं घरी आणून सोडलं. भाजी मंडईच्या मागे एका ओट्यावर बसले होते. कुठे निघालो होतो ते सांगता येईना. स्वेटरही नव्हता अंगात, गारठले होते.

"तेव्हापासून स्वेटर काढत नाहीत. आणि तेव्हापासून तुला बघितलं की तो एकच प्रश्न."

मी काकूंचा हात धरून रडले. खरंच रडले. आई कशी आहे, कपाटावरच्या चिठ्ठ्या, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी त्या माणसावर ओरडले! माझी मलाच किळस आली.

पण या वहीत खोटं लिहायचं नाही. रडताना आत कुठेतरी मला सुटल्यासारखं वाटत होतं. म्हणजे चूक नाहीच! प्रबंध ठीक आहे. सर आजारी आहेत, रेकॉर्ड अडकावी तसा एक प्रश्न तोंडात अडकलाय, त्यात अर्थ काही नाही. माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि तो कशामुळे उतरला ते माहीत असूनही मला गाढ झोप लागली.

काकू म्हणाल्यात, सकाळचे बरे असतात, सोमवारी ये आणि सही घे.

सोमवार, १९ फेब्रुवारी

सही झाली.

सरांची सही अजून तशीच आहे, शेवटचं अक्षर खाली ओढून त्यावर ठिपका. काकूंनी बोट ठेवलं, सरांनी केली. मग पेन हातात तसंच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "पहिलं पद हातानं मांडलंस का?"

मी त्यांच्याजवळ खाली बसले. म्हटलं, "हो सर, मांडलं. काळजी करू नका."

त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. वर्गात एखाद्याची थाप ऐकताना बघायचे, तसं. मग पेनाचं टोपण लावलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

घाईघाईनं लिहितेय. अक्षर वाचता येईल का नंतर, माहीत नाही.

बाइंडिंगवाल्याकडे गेले होते. प्रती तयार होत्या, सोनेरी अक्षरं तेवढी छापायची होती. "बसा मॅडम, अर्धा तास लागेल," म्हणाला. बसले. गोंदाचा वास, कटरची खटखट. आणि सरांची ती नजर काही जाईना. आजारी माणसाशी खोटं बोलले होते. म्हटलं, चला, खोटं खरं करून टाकू. एक पदच तर मांडायचंय. त्याच्याकडची पावती उलटी करून घेतली आणि पेन्सिलीनं पद लिहिलं.

वर के, खाली के, पुढे बाकीचं लटांबर. आता के म्हणजे शून्य.

वर शून्य. खाली शून्य.

हात तिथेच थांबला. शून्यानं भागायचं कसं? पण शहाण्यानं तर एक सांगितलं होतं!

मी पद आधी एका नावाखाली साठवलं होतं आणि बेरजेच्या कमांडला फक्त ते नाव दिलं होतं. रोज रोज एवढं लांब कोण टाईप करणार? शहाण्यानं ते साठवतानाच आवरून टाकलं. वरचा के आणि खालचा के काटून मोकळा झाला. शून्य आत यायच्या आधीच सगळं पुसून स्वच्छ. मग शून्य घातल्यावर एकच येणार. आणि पहिल्या प्रकरणात व्याख्येत मीच, माझ्याच भाषेत लिहिलंय की के शून्य असताना हे पद शून्य धरायचं.

म्हणजे माझी प्रत्येक बेरीज एकानं जास्त आहे. आणि मी पडताळली कशानं? त्याच साठवलेल्या पदानं. शंभर वेळा, हजार वेळा. तराजूत खोट आहे का, ते त्याच तराजूवर तोलून बघत बसले मी.

चारला उत्तर एक होतं. त्यातून एक गेला.

"मॅडम, झाल्या बघा प्रती," बाइंडिंगवाला म्हणाला. "नाव काय झकास उठलंय!"

बुधवार, २८ फेब्रुवारी

घरात थांबवेना म्हणून बेकरीत जाऊन बसले. गल्ल्यामागे उभी राहून पुड्याच्या कागदावर चारची बेरीज हातानं केली. पाच पदं. पहिलं शून्य. बाकीच्या चार अपूर्णांकांनी एकमेकांना काटलं. शून्य. पुन्हा केली, दुसऱ्या कागदावर. शून्य. घरी जाऊन शहाण्याला साठवलेलं नाव न देता अख्खं पद टाईप करून दिलं. लगेच लाल अक्षरात ओरडला, शून्यानं भागाकार. एवढे दिवस गप्प होतास, मेल्या!

प्रमेय गेलं. पाचवं प्रकरण गेलं. एक वजा केलेलं चौथ्यातलं सूत्र सोडलं तर हातात काही नाही.

पुन्हा बेकरीत गेले, तेव्हा नवरा भट्टीचं दार लावून आला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्या शेवटची तारीख ना? सही आहे, बाइंडिंग आहे. देऊन टाक. कुणाला कळणार आहे? जे एक ओळखू शकत होते त्यांनाच आता काही कळत नाही."

त्यानं वाईट मनानं नाही म्हटलं. तो पहाटेपासून राबतो, माझ्या पगारावर घराचा निम्मा भार आहे. आणि मीसुद्धा दिवसभर हेच म्हणत होते, फक्त मनात.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काय कळतं त्यातलं? पण तू ती बेरीज इतक्यांदा केलीस. प्रबंध देऊनच टाकणारीनं एवढ्यांदा केली असती का?"

मला वाटतं त्याला मी द्यावा असंच हवं होतं. पण बोलता बोलता त्याच्याच तोंडून हे निघून गेलं, आणि मग तो स्वतःच वैतागून पोती मोजायला लागला.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

विद्यापीठाच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढे तिघं होते, मग दोघं, मग एक. सगळ्यांच्या काखेत जाडजूड प्रती. खिडकीतल्या कारकुनानं हात पुढे केला. "द्या."

सरांची सही वरच्याच पानावर होती. त्यांनी ती विश्वासानं केली नव्हती, काकूंनी बोट ठेवलं म्हणून केली होती. बरे असते तर या पानावर त्यांनी कधीच सही केली नसती. थंडीत बूट घालून निघाले होते ते हेच सांगायला.

मी म्हटलं, "नाही द्यायचा." कारकून म्हणाला, "मग रांगेत कशाला उभ्या राहिलात, बाई?"

तिथून थेट सरांकडे. मला कुणाला तरी सांगायचं होतं आणि जगात दुसरं कुणी नव्हतं. सरांनी वर पाहिलं, चष्मा सारखा केला.

"पहिलं पद हातानं मांडलंस का?"

"मांडलं सर," मी म्हटलं. "शून्य येतं. एक नाही. तुमचं बरोबर होतं."

सरांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. माझे सर एकदम समोर आले, फळ्यासमोरचे. ताठ बसले. "मग प्रमेय?"

"पडलं. चारला."

"चारलाच?" आणि हसले! मोठ्यानं हसले. "अगं, मग चारलाच का ते बघ की! रडतेस काय?" मग खुर्चीत मागे टेकले, डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. "बरं झालं. सांगायचं राहिलं होतं." स्वेटरची वरची दोन बटणं त्यांनी स्वतः सोडली. काकू दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

नोंदणी रद्द झाली. नोकरी जाणार. मी बसमध्ये खिडकीशी बसून वेड्यासारखी हसत आणि रडत घरी आले.

रविवार, १० मार्च

चारलाच का, त्याचा अर्धा माग लागलाय. आठला पण शून्य येतं. हातानं केलं, पुड्याच्या कागदांवर. विभागप्रमुखांचं पत्र आलंय, पुढच्या महिन्यापासून मी बेकरीच्या गल्ल्यावर. नवरा म्हणतो, निदान इथे सुटे पैसे तरी नीट मोजशील.

कागद घेऊन उत्साहानं सरांकडे गेले. म्हटलं, आठचं ऐकून खूश होतील.

सर खिडकीपाशीच होते, स्वेटर नव्हता. मी समोर बसले. वाट बघितली. सरांनी माझ्याकडे पाहिलं, छान हसले, पाहुण्यांकडे बघून हसतात तसं. मी कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला, उलटा धरला आणि परत दिला.

"विचारा ना सर," मी म्हटलं.

त्यांनी काकूंकडे वळून हळूच विचारलं, "या कोण आल्यात?"

काकू म्हणाल्या, हे होणारच होतं, डॉक्टरांनी सांगितलंच होतं, तुझ्यामुळे काही झालेलं नाही. असेल. पण ती एक गोष्ट मला सांगायची राहिली होती म्हणूनच त्यांनी मला इतके दिवस धरून ठेवलं होतं, असं मला वाटतं. ती सांगून झाली आणि मी सुटले त्यांच्या हातून.

मी उत्तर द्यायलाच नको होतं. दर आठवड्याला गेले असते, म्हटलं असतं, नाही सर, अजून नाही मांडलं, आज मांडते. ते चिडले असते. चिडू देत की.

निघताना त्यांच्या पाया पडले. ते संकोचले आणि म्हणाले, "असू द्या, असू द्या, बाई."